सुई आधी स्वतःला

मैत्रिणींनो, मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलात आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरचं कुणी ना कुणी कधीतरी जाऊन आलेलं असतं. त्याच भागात हाफकिन इन्स्टिट्यूट नावाची एक जुनी, ऐसपैस संस्था आहे. साप चावल्यावर द्यायच्या औषधासाठी आणि पोलिओच्या डोससाठी हे नाव आपल्या कानांवरून गेलेलं असतं. पण हा हाफकिन होता कोण, हे विचारलं तर दहातल्या नऊ जणी गप्प बसतील. कुणी इंग्रज साहेब असेल, एवढंच उत्तर येतं. तो इंग्रज नव्हता. आणि गंमत म्हणजे वैद्यकीची पदवी घेतलेला डॉक्टरही नव्हता.

आज त्याची गोष्ट सांगायचं कारण आहे. मी भाईंदरला राहते. आमची सोसायटी म्हणजे छोटा भारतच. मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तरेकडची, कोकणातली अशी सगळी कुटुंबं एका जिन्यावर. कुणाच्या घरी बाळ नऊ महिन्यांचं झालं की संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर एकच चर्चा सुरू होते. गोवर-रुबेलाची सुई द्यायची की नाही? सासूबाईंचं म्हणणं असतं की गोवर निघून गेला की पोराचं अंग साफ होतं. नवऱ्याच्या मोबाइलवर कुणीतरी भीतीदायक मेसेज धाडलेला असतो. शेजारची वहिनी सांगते, तिच्या भाच्याला सुईनंतर तीन दिवस ताप होता. आणि मधे बाळ मांडीवर घेऊन बसलेली नवी आई, तिला रात्री झोप येत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना ही लस द्यायची मोठी मोहीम निघाली, तेव्हा तर या बाकावर रोज दोन तट पडायचे.

या नव्या आयांना हसावंसं मला कधी वाटलं नाही. त्यांचे प्रश्न जुने आहेत, सव्वाशे वर्षांपूर्वीही तेच होते. त्या वेळी त्यांना सामोरा गेलेला माणूस म्हणजे हा वाल्देमार हाफकिन.

पुस्तकं सांभाळणारा शास्त्रज्ञ

हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. तेव्हा ते रशियाच्या झारच्या राज्यात होतं, आता युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू धर्माचं. त्या राज्यात ज्यू लोकांना नोकरीपासून शिक्षणापर्यंत सगळीकडे आडकाठी, वर अधूनमधून त्यांच्या वस्त्यांवर हल्ले. विद्यापीठात शिकत असताना हा तरुण आपल्या लोकांच्या रक्षणासाठी हल्लेखोरांसमोर उभा राहिला, जखमी झाला आणि वर त्यालाच अटक झाली. त्याचे गुरू इल्या मेचनिकोव्ह हे मोठे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी रदबदली केली म्हणून तो सुटला.

मायदेशात पुढे जायची वाट नाही हे दिसल्यावर १८८८ मध्ये तो जिनिव्हाला गेला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला, लुई पाश्चर यांच्या संस्थेत. तिथं शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथपालाची. त्यानं ती घेतली. दिवसा पुस्तकं लावायची, उरलेल्या वेळात प्रयोगशाळेच्या टेबलावर बसायचं आणि विरंगुळा म्हणून व्हायोलिन वाजवायचं, असा त्याचा दिनक्रम होता.

त्या काळी पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, गावंच्या गावं ओस पडत. सकाळी धडधाकट असलेलं माणूस रात्री दगावायचं. हाफकिननं पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली आणि सशांवर, गिनीपिगवर तपासली. पण जनावरं वाचली म्हणून माणसाला चालेलच असं कुणी सांगावं? १८ जुलै १८९२ या दिवशी त्यानं ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, काही दिवसांत तो बरा झाला. मग त्याच्या काही मित्रांनीही टोचून घेतली. मोठमोठ्या विद्वानांनी मात्र फारसं मनावर घेतलं नाही.

कलकत्त्याच्या वस्तीत

लस खरी कसाला लागायची तर पटकी जिथं दरवर्षी येते तिथंच जायला हवं. म्हणून मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरला. इथल्या इंग्रज डॉक्टरांना हा रशियातून आलेला, वैद्यकीची पदवी नसलेला माणूस पटेना. लोकांनाही तो सरकारचाच माणूस वाटे. तरी तो आग्र्यापासून सुरुवात करून उत्तर भारतभर फिरला. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यानं ४०,००० हून अधिक लोकांना लस टोचली. लोक बिचकले की तो सगळ्यांसमोर स्वतःला सुई टोचून दाखवी.

मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काट्टल बागान नावाच्या गरीब वस्तीत पटकीनं दोन माणसं गेली. हाफकिन आपल्या बंगाली डॉक्टर सहकाऱ्यांना घेऊन तिथं पोचला. वस्ती साधारण दोनशे माणसांची. त्यातल्या ११६ जणांनी सुई घेतली, बाकीच्यांनी नको म्हटलं. त्यानंतर त्या वस्तीत आणखी १० जणांना पटकी झाली आणि ७ जण दगावले. ते सगळेच्या सगळे सुई न घेतलेल्यांपैकी होते. एका तळ्याचं पाणी पिणारी, भिंतीला भिंत लागून राहणारी ही माणसं. त्या वस्तीतल्या बायकांना याहून वेगळा पुरावा काय हवा असणार? पुढे लोक सुई घ्यायला रांगेत उभे राहू लागले.

मुंबईचा प्लेग आणि तुपाचा थेंब

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना पहिल्यांदा प्लेगची शंका आली. बघता बघता प्लेग शहरभर पसरला. घरात उंदीर मरून पडले की चार दिवसांत माणसांना गाठी यायच्या, काखेत नाहीतर जांघेत. जवळजवळ निम्मं शहर गाड्या भरभरून गावी पळालं आणि जाताना रोगही सोबत घेऊन गेलं. वांद्रे, गिरगाव भागात आजही जुने क्रूस दिसतात. त्यातले कित्येक त्या काळात ख्रिस्ती कुटुंबांनी प्लेग टळावा म्हणून उभारलेले आहेत.

सरकारनं हाफकिनला मुंबईला बोलावलं. ऑक्टोबरात तो आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर प्लेगची लस करायची होती.

ती त्यानं कशी केली हे आपल्यासारख्या स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बायकांना लगेच कळेल. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचं पाणी लागतं. युरोपात त्यासाठी गाईबैलांचं मांस वापरत. इथं ते चालणार नाही, लोकांच्या धर्माला बाध येईल, म्हणून त्यानं बकऱ्याचं मांस घेतलं. काचेच्या चंबूत तो रस्सा भरायचा आणि वरून तुपाचे थेंब सोडायचे. तुपाच्या त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत लोंबत वाढत, गुहेत चुन्याचे सुळके लोंबतात तसे. चंबू हलवला की ते तळाशी बसत आणि वर पुन्हा नवे वाढत. असं काही आठवडे करायचं, मग चंबू तापवून सगळे जंतू मारून टाकायचे. मेलेल्या जंतूंनी रोग होत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख पटते. पुढे खरा शत्रू आला की शरीर तयारीत असतं. लसीचं मर्म एवढंच.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ या दिवशी हाफकिननं ती आधी स्वतःला टोचून घेतली. इतरांना जेवढी द्यायची ठरवली होती त्याच्या तिपटीहून जास्त. त्याला सणसणून ताप भरला. पण तो उठला आणि कामाला लागला. मग कॉलेजातली काही मंडळी स्वखुशीनं पुढे आली.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथं १४७ कैद्यांना लस दिली, १७२ जणांना दिली नाही. न दिलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण गेले. दिलेल्यांत फक्त दोघांना झाला आणि मेलं कुणीच नाही. लस घेतली की रोग अजिबात होणारच नाही, असं हाफकिननं कधी भासवलं नाही. रोग कमी जणांना होतो आणि झाला तरी मरण टळायची शक्यता पुष्कळ वाढते, एवढा त्याचा हिशेब होता. आजही बहुतेक लसींचा हिशेब असाच असतो आणि आपल्याला तो नीट सांगितला जात नाही.

भीती कशाची होती?

इतकं डोळ्यांसमोर दिसत असून लोक लसीला का घाबरले? मला वाटतं, त्यांची निम्मी भीती सुईची होती आणि निम्मी सरकारची.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. त्यानंतर सोजीर घरात शिरायचे. देवघर, माजघर काही बघायचे नाहीत. आजारी माणसाला ओढून इस्पितळात न्यायचे, घरातलं सामान जाळायचे. रेल्वे स्टेशनवर बायाबापड्यांना उभं करून परके पुरुष त्यांच्या काखेत, जांघेत गाठ आहे का ते तपासायचे. त्या काळच्या बाईला ते मरणाहून वाईट वाटलं असेल, नाही का? पुण्यात याच जुलमाच्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाली. लस टोचून घ्यायची सक्ती नव्हती. पण जे हात घराची झडती घेत, त्याच हातांत सुई आहे असं लोकांना वाटलं तर त्यांची काय चूक?

मग अफवा पिकल्या. सुई हातभर लांब असते, सुई घेतली की माणूस जागीच मरतो, पुरुषाचं पौरुष जातं, बाईला मूल होत नाही. ही शेवटची अफवा ओळखीची वाटते ना? पोलिओच्या थेंबांबद्दल तीच ऐकली, २०१८ मध्ये गोवर-रुबेलाबद्दल तीच ऐकली आणि करोनाच्या लसीबद्दलही तीच. गाडी बदलली, प्रवासी तोच.

त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, आपल्या सावित्रीबाई पुण्यात प्लेगनंच गेल्या. मुंढव्याजवळच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या होत्या. मूल वाचलं, त्या गेल्या. मुंबईत त्याच दिवसांत हाफकिनच्या लसीचे पहिले हजारो डोस तयार होत होते. हा विचार मनात आला की माझ्या पोटात कालवतं.

हाफकिनला एका गोष्टीनं फार मदत केली. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः सर्वांसमक्ष लस घेतली, आपला बंगला प्रयोगशाळेला दिला आणि मग त्यांच्या समाजातल्या हजारोंनी लस घेतली. सरकारच्या फर्मानानं जे झालं नसतं ते घरच्या वडीलधाऱ्यानं पुढे होऊन केलं. आमच्या मीरा-भाईंदरमध्येही मी हेच बघते. महापालिकेचा फलक वाचून कुणाचं मन वळत नाही. मन वळतं ते शेजारच्या काकूंनी आपल्या नातवाला नेलं, आशाताईंनी स्वतःच्या लेकराचं कार्ड दाखवलं की.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस दिली गेली, निम्म्यांना नाही. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, करूही नये. एकाच ताटात जेवणारी, एकाच घोंगडीवर निजणारी माणसं. ज्या घरांत प्लेग शिरला तिथं लस घेतलेल्यांपैकी ३ जण मेले, न घेतलेल्यांपैकी २६. त्या घरांतल्या आयांनी कुणाला टोचायचं आणि कुणाला ठेवायचं हे कसं सोसलं असेल, याचा हिशेब कुठल्याच अहवालात नसतो.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. पूर्वी तिथं गव्हर्नर राहत. त्यांच्यातल्या एकाची बायको त्याच घरात पटकीनं गेली होती. आता तिथून देशभर लस जाऊ लागली.

बाटली नंबर ५३

आणि मग ते घडलं, ज्याची प्रत्येक आईला मनातून धास्ती असते.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकोवाल गाव, आता ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथं १०७ जणांनी लस घेतली. आठवडाभरात त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती, नंबर ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून घेतलेले ८८ जण ठणठणीत राहिले.

चौकशी बसली. परळला लस करतानाच घाण शिरली असणार, असा ठपका आला. लसीत कार्बोलिक ॲसिड घालायची रीत हाफकिननं बदलून नुसतं तापवून जंतू मारायची पद्धत घेतली होती, तेवढं बोट ठेवायला पुरलं. त्याला कामावरून दूर केलं. ज्या माणसानं दोन वेळा आधी स्वतःला सुई टोचून घेतली, त्याला लोकांनी मारेकरी ठरवलं. तो लंडनला गेला आणि वर्षानुवर्षं कागद घेऊन दारोदार फिरला.

खरी गोष्ट हळूहळू बाहेर आली. मलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, औषधाच्या पाण्यात नुसता बुडवून, त्यानंच बाटलीचं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं, म्हणून तर गंजका खिळा लागला की त्या घाबरायच्या. हिवताप डासांमुळे पसरतो याचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस हाफकिनच्या बाजूनं उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून आरोप खोटा असल्याचं जाहीर केलं. वर्षअखेर सरकारनं त्याला परत यायची मुभा दिली. पण पाच वर्षं गेली होती. परळची त्याची जागा दुसऱ्याकडे होती. त्याला कलकत्त्याला पाठवलं आणि माणसांवर लसीचे प्रयोग करायचे नाहीत अशी अट घातली. १९१४ मध्ये तो निवृत्त होऊन युरोपात परतला. लग्न केलं नव्हतं. उतारवयात तो धर्मग्रंथांकडे वळला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात तो वारला.

त्याच्या हयातीतच, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं गेलं. तोवर तिथून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. १९६४ मध्ये भारत सरकारनं त्याच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

आपल्या बाकावरची चर्चा

मलकोवालची गोष्ट मी मुद्दाम टाळली नाही. लस म्हणजे शंभर टक्के निर्धोक, प्रश्न विचारू नका, असं सांगणाऱ्यांवर आया विश्वास ठेवत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात १२ लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. नशिबानं सगळी बरी झाली. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यात लस घेतल्यावर तीन बाळं गेली आणि प्राथमिक चौकशीत लस नीट हाताळली नव्हती असं पुढे आलं. दोन्ही वेळा दोष त्या लसीच्या गुणाचा नव्हता. मलकोवालच्या चिमट्यासारखाच तो माणसाच्या हातचा होता. पण ज्या घरातलं बाळ गेलं त्या आईला हा फरक सांगून काय उपयोग? उपयोग आहे तो आपल्याला. कुठे लक्ष ठेवायचं हे त्यातून कळतं.

म्हणून सुई नाकारण्यापेक्षा सुई देणाऱ्याला प्रश्न विचारा. बाटलीवर एका गोलात छोटा चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस उष्णतेनं बिघडलेली नाही. तो गोलाइतका गडद झाला असेल तर ती लस घ्यायची नाही. गोवर-रुबेलाची बाटली पाण्यात कालवून उघडली की चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. बाटली कधी उघडली हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे. सुई दिल्यावर अर्धा तास तिथंच बसा. घरी ताप आला, जागा सुजली तर काय करायचं आणि कधी परत यायचं हे विचारून घ्या. बाळ फार आजारी असेल, आधीच्या लसीनंतर काही गंभीर त्रास झाला असेल तर तो आधी सांगा. आणि कार्ड जपून ठेवा, दागिन्यांसारखं.

स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, भीती बऱ्याच जणींना असते. ती १९९८ मध्ये इंग्लंडातल्या एका डॉक्टरनं अवघ्या १२ मुलांवर लिहिलेल्या लेखातून सुरू झाली. पुढे तो लेख खोटा ठरला आणि ज्या मासिकानं छापला होता त्यानंच २०१० मध्ये मागे घेतला. नंतर लाखो मुलांची तपासणी झाली, गोवराच्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सापडला नाही. पण मागे घेतलेला लेख व्हॉट्सॲपवरून मागे कोण घेणार?

राहिला सासूबाईंचा मुद्दा. गोवरानं अंग साफ होत नाही. गोवर झालेल्या बाळाला न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, कधी डोळे जातात, कधी मेंदूला सूज येते. गर्भारपणात रुबेला झाला तर पोटातलं मूल बहिरं, मोतीबिंदूचं किंवा हृदयाच्या दोषाचं जन्मू शकतं. आपल्या पिढीनं गोवरानं मेलेली मुलं फारशी पाहिली नाहीत, ती लसीमुळेच. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा ज्यांचे डोस चुकले होते अशी कितीतरी बाळं इस्पितळात गेली आणि काही परत आली नाहीत. गोवंडी भाईंदरपासून किती लांब आहे हो? दोन लोकल बदलल्या की पोचतो आपण. आपल्या विरार गाडीच्या लेडीज डब्यात शिंकणारं पोर कुठून आलंय कुणाला ठाऊक.

आणखी एक गोष्ट मी त्या नव्या आईला सांगते. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला एरवी ही सुई देत नाहीत. त्याचं रक्षण आजूबाजूच्या मोठ्या मुलांनी सुई घेतलेली असली तरच होतं. शंभरातल्या पंचाण्णव मुलांनी घेतली तर गोवराला पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणजे तुझ्या मोठ्याला दिलेली सुई खालच्या मजल्यावरच्या तान्ह्याचीही राखण करते.

आपल्या आज्यांच्या दंडावर देवीचा गोल वण असायचा. गावात देवी डॉक्टर आला की बाया पोरांना माडीवर लपवायच्या, असं त्या हसून सांगायच्या. १९७५ नंतर देशात देवीचा एकही रोगी सापडला नाही आणि तो वण आपल्या मुलींच्या दंडांवर उरला नाही. नैसर्गिक विषाणूनं झालेल्या पोलिओचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत सापडला. ही यादी पुढे न्यायची की मागे, हे आता प्रत्येक घरातल्या आईबापांच्या हातात आहे.

तुमच्या बाळाची तारीख कार्डावर बघून ठेवा. नवरा तयार नसेल, सासूबाई घाबरत असतील तर त्यांनाही सोबत केंद्रावर न्या, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. नर्सताई घाईत असल्या तरी उत्तर मिळेपर्यंत उठू नका. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधे. दुसरा बऱ्याच जणी विसरतात, तो विसरू नका.